भिंगरी मागं वळली

आमच्या धनगरांत देवाची कथा एकटा माणूस सांगत नाही. एक गातो आणि एक सांगतो. गाणारा ढोलाच्या तालावर ओवी चढवत नेतो आणि ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लागेल अशा जागी आणून सोडून देतो. मग ढोल थांबतो आणि दुसरा माणूस तीच गोष्ट साध्या बोलीत पुढं नेतो. त्याला आमच्याकडं कथा देणं म्हणायचे. कथा पुढं सरकली की पुन्हा ढोल, पुन्हा ओवी, आणि असं आलटून पालटून देव डोंगर चढायचा, नदी उतरायचा, लग्न करायचा, रुसायचा. माझा सोपानमामा गायचा आणि माझा बा कथा द्यायचा. मामाच्या आवाजाची ख्याती पार कन्नडच्या घाटाखालपर्यंत होती. माझ्या बाच्या आवाजाबद्दल माय म्हणायची, ह्यो गायला लागला तर मेंढरं पांगतील.

पण बा बोलायला लागला की पोरंसोरं चिडीचूप व्हायची. देव तहानेनं व्याकूळ होऊन डोंगर चढतोय, एवढंच मामाच्या ओवीत आलेलं असायचं. बा त्यात वाट घालायचा, वाटेवरचा काटेरी हिवर घालायचा, देवाच्या पायात मोडलेला काटा घालायचा, आणि देव काटा काढायला खाली बसला की त्याच्या मागं शेपूट हलवत उभं राहिलेलं कुत्रं घालायचा. कुणीतरी हटकून विचारायचंच, "आरं, तू व्हतास का तिथं?" बा डोळे न मिचकावता म्हणायचा, "म्या नव्हतो. पर कुत्रं व्हतं की!" लोक हसायचे आणि कुत्रं होतं हे मान्य करून टाकायचे. पुढं मी विद्यापीठात शिकले, तिथं कादंबरीच्या तंत्रावर मोठमोठी व्याख्यानं ऐकली, वहीत उतरवूनही घेतली. पण खरं सांगायचं तर माझं त्या विषयातलं शिक्षण त्या कुत्र्यापाशीच पुरं झालं होतं.

ज्या दिवसांबद्दल मी लिहितेय ते दुष्काळाचे. आधीच्या साली पाऊस कमी झाला होता, त्या साली झालाच नाही. आमचं बिऱ्हाड मेंढरांबरोबर फिरतं असायचं. कन्नडकडचा घाट, तिथली माळरानं, ओढ्याकाठची गावं, हे आमचं घर. त्या साली ओढे पांढरे पडले. ज्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आम्हाला रानात मेंढरं बसवायला बोलावलं, लेंडीखताच्या बदल्यात धान्य दिलं, तेच आता नजर चुकवायचे. त्यांच्याच बैलांना कडबा नव्हता. लोक खडी फोडायच्या कामावर गेले. मामा आधीच शहरात जाऊन औरंगपुऱ्यात एका कापडवाल्याच्या गोदामावर रात्रीचा राखणदार झाला होता. त्यानं निरोप धाडला, या, इथं निदान टँकर येतो.

म्हणून आम्ही औरंगाबादेत आलो. आता त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. माझ्या तोंडी जुनं नाव येतं, नातवंडं दुरुस्त करतात, मी दुरुस्त होते आणि पुन्हा विसरते. शहर तेव्हा अंगावरचे कपडे आखूड पडलेल्या पोरासारखं सगळीकडून उसवत आणि वाढत होतं. जुन्या वेशींच्या बाहेर, जिथं कालपर्यंत बाभळी होत्या, तिथं माणसं दोऱ्या लावून जमीन मोजत होती आणि चुन्यानं रंगवलेले दगड पुरत होती. त्या दगडांना प्लॉट म्हणायचे. आम्ही अशाच प्लॉटांच्या कडेला, अजून कुणी न मोजलेल्या पट्टीवर राहायला लागलो. घर म्हणजे चार मेढी, बांबूच्या तट्ट्याच्या भिंती आणि वरही तट्टेच. दिवसभर खडीच्या यंत्राची घरघर चालायची. तिची इतकी सवय झाली की ती थांबली की कुणीतरी हाक मारली असं वाटून आम्ही पोरं वर बघायचो. खायला लाल मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची भाकरी. ती जमायची नाही, तव्याला चिकटून तुटायची. माय दोन्ही हातांनी तिला सांभाळत म्हणायची, हिला बी गाव सोडवंना झालंय. कधी चिंचोके. आमच्यात घोंगडीच्या सुताला खळ द्यायला चिंचोके शिजवतात. ज्या साली लोकर नव्हती त्या साली आम्ही ती खळच मीठ घालून खाल्ली. आजही कुठं चिंचोके भाजल्याचा वास आला की मला आधी भूक लागते आणि मग रडू येतं. हा क्रम कधी उलटा झालेला नाही.

मेंढरं बरोबर होती. पण चुन्याच्या दगडांमध्ये काय चरणार? एकेक करून ती बसायला लागली, आणि बसलेलं मेंढरू उठत नाही. शेवटी बा आणि मामानं उरलेला कळप लासूर स्टेशनच्या बाजाराला न्यायचं ठरवलं. मी गेले नव्हते. तिथं काय झालं ते मला मामानं नंतर, त्याच दिवसांत सांगितलं, आणि तेही मी त्याचा पिच्छाच पुरवला म्हणून.

आमच्या कळपात पुढं चालणारी एक मेंढी होती, भिंगरी. कोकरू असताना ती स्वतःभोवती गरागरा फिरायची म्हणून मीच तिचं हे नाव ठेवलं होतं. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात पितळी घुंगरू. ती निघाली की बाकीची मान खाली घालून तिच्या मागं निघायची. खड्ड्यात गेली तर खड्ड्यात. बाजारात व्यापाऱ्यानं ट्रकला फळी लावली. एकही मेंढरू चढेना. हाकललं, ओढलं, उचलून टाकायला बघितलं, तरी नाही. मग बानं भिंगरीला पुढं घेतलं आणि जिभेनं तो आवाज केला, जो तो रोज सकाळी निघताना करायचा. भिंगरी फळीवरून टपटप वर गेली आणि तिच्या मागं सगळी. एकही मागं राहिलं नाही. मग बानं ट्रकमध्ये चढून भिंगरीला तेवढी उचलून खाली घेतली. व्यापारी ओरडला, पण बाचं तोंड बघून गप बसला. ट्रक निघाला तेव्हा भिंगरी खाली उभी राहून ओरडत होती आणि वरून सगळी तिला ओ देत होती.

बा भिंगरीला घेऊन लासूरहून चालत आला. घरी आला, पाणी प्याला, आणि त्यानंतर बोलला नाही. आधी वाटलं दमलाय. मग वाटलं रागावलाय. पण बा कुणावर रागावलेला नव्हता. सांगितलेलं काम करायचा, मातीची पाटी उचलायचा, मायनं समोर ठेवलेलं खायचा. मामा येऊन चार गोष्टी बोलायचा, बा ऐकायचा आणि मान हलवायचा. संध्याकाळी तो वाघर घेऊन बसायचा. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची सुतळीची जाळी. ती आता कशाला लागणार? पण बा तिच्या गाठी सोडायचा आणि पुन्हा मारायचा, आणि त्याच्याजवळ भिंगरी रवंथ करत बसायची. भिंगरीशीसुद्धा तो बोलायचा नाही. जिभेचा तो आवाज तर त्यानं पुन्हा काढलाच नाही. मी रात्री मायला विचारलं, "बा मुका झाला का?" माय म्हणाली, "गप झोप." पण ती स्वतः झोपली नाही हे मला कळत होतं.

माय मात्र त्या दिवसांत माझ्या बापाच्या अगदी उलटी झाली होती. तिला शहरानं धरलं होतं. दिवसभर बांधकामावर विटा वाहून ती यायची आणि कुठल्या बंगल्याला कसला दरवाजा बसला ते सांगायची. तिच्या मनानं एकच घेतलं होतं, पत्रे. तट्ट्याचं छप्पर म्हणजे आज आहे उद्या नाही. उन्हाचा फुफाटा आत, वाऱ्याची धूळ आत, आणि प्लॉटवाले आले तर एका लाथेत मोकळं. "डोक्यावर पत्रा आला की मानूस हितला झाला," ती म्हणायची. "मंग कुनी हाकलीत नाय. मंग हौसा शाळंत जाईल." हौसा म्हणजे मी. शेजारी जुन्या सामानाचा धंदा करणारे करीमचाचा होते. दारं, खिडक्या, पत्रे, काय वाट्टेल ते त्यांच्या आवारात रचलेलं असायचं. त्यांनी मायला सांगितलं होतं, "भाभी, पैसे की बात नक्को. वो मेंढी दे देव, पत्रे ले जाव. अच्छे पत्रे हैं, छेद एकबी नई." सौदा ठरला. सोमवारी करीमचाचा येणार, पत्रे टाकणार आणि भिंगरीला नेणार. मायनं हे बाच्या समोर सांगितलं. बा वाघरीच्या गाठी मारत राहिला.

मी तेव्हा मायचा फार राग केला. आज करत नाही. आता मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तिच्याकडं बघताना मला माझ्या मुलीकडं बघितल्यासारखं वाटतं. नवरा बोलेना, कळप गेला, पोर अंगणात धुळीत लोळतेय. ती एका मेंढीला घट्ट धरून बसली असती तर आम्ही कुठं असतो?

सुंबरान मांडायचं मामाच्या डोक्यात आलं. सुंबरान म्हणजे देवाचं स्मरण, ओवी आणि कथा. आम्ही नवीन जागी आलो होतो आणि देवाला अजून बसवलं नव्हतं, हे कारण त्यानं लोकांना सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं; तो मायला म्हणताना मी ऐकलं होतं, "आक्के, दाजी मानसाशी बोलंना झालेत. पर ओवी सोडली की त्यांच्यानं ऱ्हावनार नाय. कथा द्यावीच लागंल." सुंबरान रात्रीचं असतं, पण आमच्यातले निम्मे बाप्ये शहरात रात्रीचे राखणदार झालेले. म्हणून रविवारी दुपारी ठरलं. रणरणत्या उन्हात, बाभळीच्या अर्ध्या सावलीत, चुन्याच्या एका दगडाला भंडारा लावून देव बसवला. तो दगड कुणाच्या तरी प्लॉटची हद्द होती. त्या प्लॉटवर आज दातांचा दवाखाना आहे. मी तिथं दाढ काढायला गेले तेव्हा हातरुमालाआड हळूच हात जोडले होते.

माणसं जमली. आमच्यासारखीच, गावाकडून आलेली, डोळे झोपेनं तांबारलेली. एक म्हातारबा होते, सगळ्यांत वडील, त्यांना समोर बसवलं. मायनं मिलोच्या घुगऱ्या केल्या होत्या, गूळ घालून. गूळ कुठून आणला होता कुणास ठाऊक. बा येऊन आपल्या जागी, मामाच्या डाव्या हाताला बसला. मामाच्या चेहऱ्यावर आशा दिसली. ढोल वाजला आणि मामानं ओवी लावली. किती दिवसांनी तो आवाज ऐकत होते मी! खडीचं यंत्र रविवारचं बंद होतं आणि मामाचा आवाज त्या सगळ्या मोजलेल्या जमिनीवरून, दोऱ्या आणि दगड ओलांडत पलीकडं जात होता. देशात दुष्काळ पडलाय, बिरोबा मेंढरं घेऊन निघालाय, पाण्याच्या शोधात डोंगर चढतोय. मामानं मेंढरं अगदी कड्याच्या टोकाला आणली. पुढं खोल दरी, मागं तहान. आणि तिथं त्यानं ओवी सोडली. ढोल थांबला.

सगळे बाच्याकडं बघायला लागले. बानं तोंड उघडलं. पण आवाज आला नाही. मामानं ढोलक्याला खूण केली, तीच ओवी पुन्हा म्हटली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मामाचाच आवाज कापायला लागला. मेंढरं कड्यावर आणून ठेवलेली आणि पुढं कुणी न्यायला नाही. अर्ध्यात सोडलेली कथा चांगली नसते; तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या अंगावर ते ओझं आलेलं जाणवत होतं. बाची नजर जमिनीत गेली होती. तो आता उठून जाईल, मला वाटलं, आणि उठला तर पुन्हा कधीच बोलणार नाही. ते मला इतकं लख्ख दिसलं की मी घाबरून बोलायला लागले.

पोरीनं कथा द्यायची नसते. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मंग देव म्हणाला, आता कसं करावं?" बा अशीच सुरुवात करायचा. लोक हलले, पण मामानं हात वर करून त्यांना थांबवलं. मी सांगायला लागले. मला डोंगर फारसा सांगता येईना, म्हणून मी जे रोज बघत होते ते सांगितलं. कड्यावर खडीचं यंत्र घरघरत होतं. पांढरे दगड पुरलेले होते. दरीत उतरायला एक फळी लावली होती आणि खाली एक माणूस उभा होता, तो म्हणत होता मेंढरं इकडं धाडा. देवाच्या लक्षात आलं नाही तो कोण आहे. पण देवाची एक मेंढी पुढं चालणारी होती, तिचं नाव भिंगरी. देवानं जिभेनं आवाज केला. भिंगरीनं फळीवर पाय ठेवला. आणि मग तिनं त्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं, आणि भिंगरी मागं वळली. ती मागं वळली तशी सगळी मेंढरं मागं वळली. एकही पुढं गेलं नाही. सगळी टपटप मागं आली आणि देवाच्या पायाशी येऊन बसली, आणि देवानं सगळ्यांना मोजून बघितलं तर सगळी होती.

एवढं सांगून मला पुढचं सुचेना. पाणी कुठून आणायचं हेही मला माहीत नव्हतं.

आधी बाचे खांदे हलताना दिसले. मग तो रडायला लागला, तोंडावर हात न घेता, लहान मूल रडतं तसा मोठ्यानं. कुणी त्याला थांबवलं नाही. रडून झाल्यावर त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, म्हातारबांकडं बघितलं, आणि गंजलेल्या कडीसारखा आवाज आला, "नाव आलं."

"काय म्हनलास?" म्हातारबांनी कानामागं हात नेला.

"देवाच्या कथंत जितराबाचं नाव आलं. पोरीनं घेतलं. आता ती मेंढी देवाची झाली. ती इकता येत नाय, कापता येत नाय. तसा रिवाज हाय आपल्यात."

बाभळीखाली बांधलेली भिंगरी कान फडफडवत होती. मामा ढोलाकडं बघत होता. म्हातारबा आधी बाच्याकडं वळले, मग माझ्याकडं, आणि मान डोलवून म्हणाले, "व्हय. तसंच असतंय. पोरगी असली तरी बोल ते बोल." मग सगळ्यांच्या माना मायकडं वळल्या, कारण पत्र्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं. माय घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी हातात पळी घेऊन बसली होती. तिनं बाच्याकडं बघितलं. त्या बघण्यात नवराबायकोतला कसला तरी फार जुना हिशेब होता, जो मला त्या वयात वाचता येणं शक्य नव्हतं. मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग बसलाव काय नुसतं? तिच्या तोंडात गूळ घाला कुनीतरी. देवाची झाली न्हवं ती." बा उठला, तिच्या हातातून गुळाचा खडा घेतला, आणि भिंगरीपाशी जाऊन जिभेनं तो आवाज केला. मग येऊन बसला आणि मला म्हणाला, "हौसे, तू सर. पाण्याचं म्या सांगतो." त्या दिवशी त्यानं देवाला पाणी दाखवेपर्यंत दिवस कलला. राखणदारांना कामावर जायला उशीर झाला. कुत्रंही कथेत आलं.

सोमवारी करीमचाचा हातगाडीवर पत्रे घेऊन आले. मायनं त्यांना बाजूला नेऊन काय झालं ते सांगितलं. त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. "देव की चीज है, मेरे कू नक्को भाभी," म्हणाले आणि पत्रे घेऊन परत गेले. ती गाडी खडखडत जाताना माय दारात उभी राहून बघत होती. त्या साली आम्ही तट्ट्याखालीच काढलं. पुढं केव्हातरी पाऊस आला तेव्हा ओलं होत काढलं. पण बा बोलत होता. नंतर तर इतका बोलायला लागला की माय म्हणायची, त्याच्यापरीस मेंढी बरी.

भिंगरी पुष्कळ जगली. तिच्याभोवती शहर वाढत गेलं. रस्ते झाले, दिवे आले, आमच्या पट्टीला गल्लीचं नाव मिळालं. ती रिक्षांच्या मधून, स्कूटरांच्या मधून, कळप मागं असल्याच्या रुबाबात चालायची आणि भिंतीवरची पोस्टरं खायची. पिवळा भंडारा लावलेली म्हणून तिला कुणी हात लावला नाही. मी शाळेतून आले की तिची लोकर विंचरत धडे वाचायची. म्हातारी होऊन एका सकाळी ती उठली नाही. बानं तिच्यासाठी खड्डा खणला आणि तिला वाघरीत गुंडाळून पुरलं.

माझ्या पहिल्या कादंबरीत मी तो रिवाज घातला. देवाच्या कथेत जितराबाचं नाव आलं की ते देवाचं. माणसं बदलली, शहर बदललं, मेंढीचं नावसुद्धा बदललं. पण ती मागं वळते ते तसंच ठेवलं. समीक्षक म्हणतात माझ्या कादंबऱ्यांत कुणीतरी नेहमी मरता मरता वाचतं, आणि हे वास्तवाला धरून नाही. मी वाद घालत नाही. ज्या माणसाचा बाप एका न झालेल्या गोष्टीमुळं पुन्हा बोलायला लागला, त्यानं झालेल्या गोष्टींना किती धरून राहावं, याचं उत्तर त्यांच्याजवळ असेल तर त्यांनी द्यावं. तो रिवाज लोकांना आवडला. आमच्या कन्नडकडच्या भावकीत आता खरोखर कथेत नाव घेऊन एक मेंढी देवाची करतात. मला लग्नाकार्यात भेटून सांगतात, आपला जुना रिवाज तुम्ही टिकवलात. मला त्याचा अभिमान होता.

बा गेल्यानंतर काही वर्षांनी एक संशोधक मुलगा टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या घरी आला. त्याला तो रिवाज मायच्या तोंडून हवा होता. माय तेव्हा थकली होती, पण शब्दाला पक्की होती. ती खुर्चीत नीट बसली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "व्हय बाबा, लई जुना रिवाज हाय ह्यो. माझ्या सासऱ्याच्याबी आधीपासून." मुलगा खूश होऊन गेला. मी चहाचे कप उचलत सहज म्हणाले, "माय, आजोबांच्या वेळी कुठल्या मेंढीचं नाव घेतलं होतं गं? मला कधी सांगितलं नाहीस."

माय हसायला लागली. दात नव्हते, तरी पोरीसारखी हसली. "कसला रिवाज घेऊन बसलीस? तसलं काय नव्हतंच. तुझ्या बानं बसल्या जागी काढला त्यो."

मी कप खाली ठेवले. "मग म्हातारबा? ते तर म्हणाले, तसंच असतं."

"म्हनतील नाय तर काय करतील!"

"आणि मामा?"

"समद्यांला ठावं व्हतं, हौसे. तिथं बसलेलं एक मानूस येडं नव्हतं. तू तेवढी बारकी व्हतीस." ती पुन्हा हसली. "करीमभाईला तर म्याच खरं सांगितलं. त्यो म्हनला, भाभी, मेरे कू कायकू सुनारी, मैं कुछ सुन्याच नई."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मायनं त्या दिवशी देवाला भिऊन मेंढी सोडली. तिच्या श्रद्धेबद्दल मी पानंच्या पानं लिहिली होती. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं खोटं आहे, तर तू बोलली का नाहीस? तुझे पत्रे गेले की."

मायनं आधी वर बघितलं, आमच्या स्लॅबकडं, तिथं फिरणाऱ्या पंख्याकडं. मग माझ्याकडं बघितलं, आणि तिचा आवाज मऊ झाला.

"इतक्या दिसांनी मानूस बोलला व्हता. त्याला खोटं पाडू का? पत्रे काय गं, मागून बी आलेच की."